पावसाळ्यात बुडणाऱ्या प्लॉटवर जमिनीतला वायू कसा मोजायचा: इंदूरमध्ये जुन्या कचराखड्ड्यांशेजारी बांधणाऱ्यांसाठी

देवगुराडियाच्या ट्रेंचिंग ग्राउंडवरचा, म्हणजे शहराच्या कचराभूमीवरचा, जुना कचरा, कुणी १३ तर कुणी १५ लाख टन सांगतं, चाळून २०१८ च्या सुमारास तिथली शंभरेक एकर जमीन मोकळी झाली. २०२२ पासून तिथेच ओल्या कचऱ्यापासून बायो-सीएनजी बनतो. एवढं इंदूरकरांना तोंडपाठ असतं. पण वाढत्या शहराचा कचरा कधी एकाच जागी जात नाही. मुरमाच्या सोडून दिलेल्या खाणी, वीटभट्ट्यांचे खड्डे, नाल्याकाठचे खोलगट तुकडे यांत वर्षानुवर्षं जे पडलं, त्याची नोंद बहुधा कुठेच नसते. आज तिथे किंवा शेजारी कॉलनीचे प्लॉट पाडले जातात, वर काळ्या मातीचा भराव पडतो आणि जुलै-ऑगस्टमध्ये प्लॉटवर घोटाभर पाणी उभं राहतं.

अशा जागेवर मोजमाप करताना खरी अडचण एकच आहे. ज्या दिवशी वायू जमिनीतून सर्वात जोरात बाहेर ढकलला जातो, नेमक्या त्याच दिवशी तुमचे जमिनीत उतरवलेले मोजमापाचे पाइप पाण्यात बुडालेले असतात. यंत्र शून्य दाखवतं, अहवालात शून्य उतरतं आणि सगळे खूश. खालची सगळी पद्धत त्या एका दिवसासाठी आखलेली आहे.

कोणता वायू, किती धोक्याचा

कुजणाऱ्या कचऱ्यातून मुख्यतः मिथेन आणि कार्बन डायऑक्साइड निघतात. जोमात कुजणाऱ्या ढिगात त्यांचं प्रमाण साधारण ६० ला ४० असतं. सोबत थोडा हायड्रोजन सल्फाइड. मिथेन हवेत ५ ते १५ टक्के असेल तर ठिणगी पडताच स्फोट होतो. या ५ टक्क्यांच्या खालच्या मर्यादेला साइटवर एलईएल म्हणतात. घनकचरा व्यवस्थापनाच्या २०१६ च्या नियमांत कचराभूमीवर मिथेन या मर्यादेच्या २५ टक्क्यांपेक्षा, म्हणजे हवेत १.२५ टक्क्यापेक्षा, जास्त नसावा असं म्हटलं होतं. बंद केलेल्या कचराभूमीवर वस्तीचा विचार १५ वर्षांच्या देखरेखीनंतरच, तोही वायू, झिरपणारं पाणी आणि जमिनीची स्थिरता तपासून करावा, हेही त्याच नियमांत होतं. अर्थात हे नोंद असलेल्या कचराभूमीला लागू करता येतं. कुणाच्या खाणीत गुपचूप भरलेल्या कचऱ्याला पंधरा वर्षं कधी सुरू झाली हे सांगणार कोण?

कार्बन डायऑक्साइडला लोक हलक्यात घेतात. कारखान्यांच्या १९४८ च्या कायद्यात आठ तासांच्या कामासाठी त्याची मर्यादा ०.५ टक्के आणि थोड्या वेळासाठी ३ टक्के होती. जमिनीतल्या पाइपमध्ये मात्र ८-१० टक्के सहज मिळतो. तो हवेपेक्षा दीडपट जड असल्याने खड्ड्यात साचतो. मिथेन जवळजवळ निम्म्या वजनाचा, तो छताखाली जमतो. दोन्हींना वास नाही. त्यामुळे "साहेब, वास तर काहीच येत नाही" या वाक्याला किंमत देऊ नका. हायड्रोजन सल्फाइडला सडक्या अंड्याचा वास येतो खरा, पण तो १०० पीपीएमच्या (दहा लाख भागांत शंभर) आसपास गेला की नाकच बधिर होतं आणि वास थांबल्यासारखा वाटतो.

पहिलं काम कागदावर

बोअर मारणाऱ्याला बोलावण्याआधी जागेचा इतिहास काढा. सर्व्हे ऑफ इंडियाचे जुने नकाशे खाणी आणि तळी दाखवतात. गूगल अर्थमध्ये मागच्या वर्षांची उपग्रह-चित्रं एकामागून एक लावून पाहिली की खड्डा कधी होता आणि कधी बुजला हे बहुतेक वेळा दिसतं. मग आसपासच्या जुन्या रहिवाशांशी, चहाच्या टपरीवाल्याशी, भंगार वेचणाऱ्यांशी बोला. कचऱ्याच्या गाड्या कुठे रिकाम्या होत होत्या हे त्यांच्याइतकं कुणालाच ठाऊक नसतं. भराव कुठून आणला तेही विचारा. जुना कचरा चाळून निघालेली बारीक माती भरावाला वापरली असेल, तर तिच्यात सेंद्रिय अंश किती शिल्लक आहे याची प्रयोगशाळेतली चाचणी मागा. कचरा गेला तरी ती माती कार्बन डायऑक्साइड सोडत राहू शकते.

जमिनीच्या उभ्या छेदाचं चित्र काढा, हाताने काढलं तरी चालेल. वर काळी माती, खाली पिवळसर मुरूम, त्याखाली फुटलेला आणि मग घट्ट काळा दगड. या चित्रात खड्डा कुठवर खोल गेला, पाण्याची पातळी मे महिन्यात आणि ऑगस्टमध्ये कुठे असते आणि इमारतीचा पाया कुठे येणार, हे तिन्ही दाखवा. माळव्याच्या या थरांचा स्वभाव समजला तर अर्धं काम झालं. काळी माती उन्हाळ्यात भेगाळते, वायूला वर यायला हजार वाटा मिळतात, तो हवेत विरून जातो. पहिल्या मोठ्या पावसानंतर ती फुगते, भेगा मिटतात आणि वर झाकण बसतं. वर येता न आलेला वायू मग मुरमातून आणि दगडाच्या सांध्यांतून आडवा सरकतो, शेजारच्या प्लॉटकडे. पाण्याची पातळी वर चढली की ती त्याला खालूनही रेटते. म्हणून खड्डा आपल्या हद्दीत नाही एवढ्यावर निश्चिंत होऊ नका. इंग्लंडमधल्या डर्बीशरमध्ये लॉस्को गावी २४ मार्च १९८६ ला एक बंगला उडाला आणि तिघे जखमी झाले. कचऱ्याचा खड्डा तिथून सुमारे ७० मीटरवर होता. त्या रात्री हवेचा दाब सात तासांत २९ मिलिबारने पडला होता आणि वायू जमिनीच्या थरांतून घराखाली आला.

याच चित्रात वायूचे इतर उगमही लिहून ठेवा: गळकी सेप्टिक टाकी, ड्रेनेजची लाइन, जुन्या तळ्याचा गाळ. घरगुती गॅसची पाइपलाइन जवळून जात असेल तर तीही. पाइपलाइनच्या गॅसमध्ये बहुधा इथेन असतो, कचऱ्याच्या वायूत तो जवळपास नसतो. प्रयोगशाळेच्या एका नमुन्यात हा वाद मिटतो.

बोअर कुठे आणि कसे

एक रांग जुन्या खड्ड्याच्या आणि इमारतीच्या मधोमध, हद्दीला समांतर. फुटलेल्या दगडात वायू एखाद्या सांध्यातूनच जातो, त्यामुळे दोन बोअरमध्ये मी १० ते २० मीटरपेक्षा जास्त अंतर ठेवत नाही. परवानगी मिळाली तर एक बोअर थेट कचऱ्यात घ्या, म्हणजे उगमाचा जोर कळतो. एक दूर, जिथे भराव नाही अशा जागी, तुलनेसाठी. उरलेले इमारतीच्या पायाखाली आणि लिफ्टच्या खड्ड्याच्या जागी.

बांधणी अशी. ५० मिलिमीटरचा यूपीव्हीसी किंवा एचडीपीई पाइप, जोड चुडीचे, म्हणजे आटे पाडलेले. प्लंबरचं सोल्व्हंट सिमेंट इथे चालत नाही, त्याची वाफ बाष्पशील रसायनांच्या मोजमापात घुसते. वरचा किमान एक मीटर पाइप साधा, खालचा स्लॉटेड, म्हणजे चिरा पाडलेला. स्लॉटच्या भोवती धुतलेली बारीक गोटी. साध्या भागाभोवती बेंटोनाइटच्या (पाण्याने फुगणाऱ्या चिकणमातीच्या) गोळ्या टाकून पाणी ओतून फुगू द्या, हे सील नीट बसलं नाही तर पाइपमध्ये वरची हवाच येत राहील. चिकट मातीत स्लॉटवर जिओटेक्स्टाइलचा, म्हणजे माती अडवणाऱ्या जाळीदार कापडाचा, मोजा चढवावा. वरच्या टोकाला रबरी बूच आणि त्यात बंद होणारा गॅस-टॅप.

पाणथळ जागेसाठी तीन बदल मी आग्रहाने करायला सांगतो.

पहिला, जमिनीशी सपाट झाकण नको. ते पाण्याखाली जातं, बुचातून पाणी आत उतरतं. पाइप मागच्या पावसाळ्यातल्या पाण्याच्या खुणेपेक्षा वर न्या, भोवती लोखंडी केसिंग आणि काँक्रीटचा ओटा. वर कुलूप हवंच, झाकण भंगारात जातं. झेंडीही लावा, नाहीतर जेसीबीवाला मागे घेताना पाइप चिरडतो.

दुसरा, एका लांब स्लॉटेड पाइपऐवजी शेजारी-शेजारी दोन वेगळे बोअर. एक उथळ, ज्याचे स्लॉट पावसाळ्यातल्या पाण्याच्या वर राहतील, मग ते अर्ध्या मीटरचे का असेनात. दुसरा खोल, मुरूम आणि फुटलेल्या दगडात. लांब पाइपमध्ये खालच्या थरातला वायू वरच्या थरातल्या हवेत मिसळून पातळ होतो आणि पाणी चढलं की कोणता थर बुडाला हेच कळत नाही. उथळ बोअरवर एक मीटर साधा पाइप बसत नसेल तर अर्ध्या मीटरवर भागवा, पण मग सील जास्त काळजीने करा.

तिसरा, काळी माती फुगते आणि ओट्यासकट पाइप उचलते. म्हणून पाइपच्या तोंडाची समुद्रसपाटीपासूनची उंची पावसाळ्याआधी आणि नंतर दोनदा घ्या. नाहीतर पाण्याची पातळी चार सेंटीमीटर वाढली की पाइप चार सेंटीमीटर उचलला गेला, यावर बैठकीत वाद होतो.

बोअर झाल्यावर लगेच मोजू नका. खोदताना आत गेलेली हवा निघून जमिनीतला वायू स्थिरावायला वेळ लागतो, निदान आठवडाभर तरी द्या.

यंत्र

सेप्टिक टाकीत उतरताना वापरतात तो चार वायूंचा खिशातला डिटेक्टर इथे पुरत नाही. त्यातला ज्वलनशील वायूचा सेन्सर वायू जाळून मोजतो आणि जळायला ऑक्सिजन लागतो. जमिनीत ऑक्सिजन २-३ टक्क्यांवर आलेला असतो, त्यामुळे सेन्सर भरपूर मिथेन असतानाही कमी आकडा दाखवतो. इन्फ्रारेडवर चालणारा, मिथेन आणि कार्बन डायऑक्साइड आकारमानाच्या टक्क्यांत दाखवणारा आणि प्रवाह व दाबही मोजणारा गॅस ॲनलायझर घ्या. जीए५००० सारखी यंत्रं भाड्याने मिळतात. खिशातला डिटेक्टर तुमच्या स्वतःच्या सुरक्षेसाठी कमरेला असू द्या.

दर मोहिमेच्या सुरुवातीला आणि शेवटी प्रमाणित वायूने यंत्र तपासा, दोन्ही आकडे लिहा. पावसाळ्यात नळीतला पाण्याचा सापळा आणि फिल्टर दर बोअरनंतर बघा. पाण्याचा एक घोट यंत्रात गेला की त्या दिवसाचं काम संपलं, आणि भाड्याचं यंत्र असेल तर डिपॉझिटही.

मोजण्याचा क्रम

हा क्रम बदलू नका. टॅप बंद असतानाच सुरुवात होते.

आधी हवेचा दाब, तापमान, गेल्या तीन दिवसांचा पाऊस आणि प्लॉटवर पाणी उभं आहे का, हे लिहा. मग यंत्र जोडून पाइपमधला आणि बाहेरचा दाब यांतला फरक घ्या. मग टॅप उघडून प्रवाह, लिटर प्रति तासात. सुरुवातीचा सर्वोच्च आकडा आणि स्थिर झालेला आकडा दोन्ही, आणि स्थिर व्हायला किती सेकंद लागले तेही. त्यानंतरच पंप सुरू करून मिथेन, कार्बन डायऑक्साइड, ऑक्सिजन, हायड्रोजन सल्फाइड आणि कार्बन मोनॉक्साइड. निदान तीन मिनिटं, आकडे हलत असतील तर दहा मिनिटांपर्यंत. इथेही सर्वोच्च आणि स्थिर आकडे वेगळे. सर्वात शेवटी बूच काढून पाण्याची पातळी आणि बोअरचा तळ. पातळी आधी मोजली की पाइप उघडतो आणि आतला वायू निघून जातो. घाईत असलेली माणसं नेमकं हेच करतात, कारण डिप-मीटर हाताशी असतो.

आकड्यांची जागेवरच एक तपासणी करा. सगळ्या वायूंची बेरीज शंभरातून वजा केली की उरतो तो मुख्यतः नायट्रोजन. साध्या हवेत नायट्रोजन ऑक्सिजनच्या पावणेचार पट असतो. सगळ्या पाइपांत ऑक्सिजन २०.९ टक्के आणि बाकी शून्य येत असेल तर जमीन स्वच्छ आहे असं समजण्याआधी नळीचे जोड आणि बूच तपासा. बहुतेक वेळा ती गळती असते.

पाइप बुडालेला असेल तर

पाण्याची पातळी स्लॉटच्या वरच्या टोकाच्या वर गेली असेल, तर पाइपमधली हवा जमिनीपासून तुटलेली आहे. तुम्ही मोजताय ती मागच्या आठवड्यात अडकून पडलेली शिळी हवा. नोंदवहीत त्या ओळीवर ठळक लिहा: "स्लॉट बुडालेले, वायूचा आकडा ग्राह्य नाही". शून्य लिहू नका. सल्लागाराचा अहवाल हातात आला की सर्वात आधी मी पाण्याच्या पातळीचा रकाना आणि स्लॉटच्या खोलीचा रकाना शेजारी ठेवतो. हा दुसरा रकाना कित्येक अहवालांत नसतोच, मग शून्यांची ती लांबलचक यादी कशासाठी वाचायची?

अंशतः बुडालेला पाइप जास्त फसवतो. हिशोब सोपा आहे. ५० मिलिमीटर व्यासाच्या पाइपमध्ये पाणी एक सेंटीमीटर चढलं की सुमारे २० मिलिलिटर हवा वर ढकलली जाते. तासात दहा सेंटीमीटर पाणी चढत असेल तर ०.२ लिटर प्रति तास प्रवाह दिसेल, जमिनीत वायूचा थेंबही नसताना. सायकलच्या पंपाचा दट्ट्या दाबावा तसं हे पाणी वागतं. टॅप रात्रभर बंद असेल आणि पाणी चढत असेल तर उघडताच तासाला ८-१० लिटर वेगाचा झटका येतो आणि वीस सेकंदांत विरतो. तो झटका हिशोबात धरू नका, स्थिर आकडा धरा, पण झटका नोंदवा. ऑक्टोबरमध्ये उलट होतं. पाणी उतरतं, पाइप बाहेरची हवा ओढतो आणि प्रवाह उणे दिसतो. उणे आकडा यंत्राचा दोष समजून खोडू नका. त्या दिवसाची वायूची टक्केवारी बाहेरच्या हवेने पातळ झालेली असू शकते, ही त्यातली माहिती आहे.

मग बुडालेल्या दिवसांत करायचं काय? उथळ बोअर वाचला असेल तर तो मोजा. तोही बुडाला असेल तर पुढचे मार्ग आहेत आणि यातला एकच नव्हे, दोन-तीन वापरावेत.

पाण्यात विरघळलेला मिथेन मोजा. खोल बोअरमधून हळू उपसून, पाण्याला हवेचा स्पर्श न होऊ देता, तोंडोतोंड भरलेल्या बाटलीत नमुना घ्या. बाटलीत बुडबुडा दिसला तर नमुना फेकून दुसरा घ्या. थंड पेटीतून एनएबीएल मान्यता असलेल्या प्रयोगशाळेत पाठवा, ही चाचणी ते करतात का हे आधी विचारून. लिटरमध्ये १.४ मिलिग्रॅम मिथेन असेल तर बंद जागेत त्या पाण्यावरची हवा स्फोटाच्या खालच्या मर्यादेला पोचू शकते. याच्या दहाव्या भागाला, ०.१४ ला, ब्रिटनमध्ये ड्रेनेजमध्ये सोडायच्या पाण्याची मर्यादा मानतात. बेसमेंट खोदताना पाणी उपसणाऱ्या साइटवर हा आकडा फार कामाचा आहे, कारण उपसलेलं पाणी संप-पिटमध्ये, म्हणजे पाणी गोळा करण्याच्या खड्ड्यात, पडतं आणि तिथेच वायू सोडतं. लँकेशरमधल्या ॲबीस्टेड इथे १९८४ च्या मे महिन्यात पाणीपुरवठ्याच्या व्हॉल्व्ह-हाउसमध्ये स्फोट होऊन १६ माणसं गेली. तिथे कचरा नव्हता. भूजलासोबत बोगद्यात आलेला मिथेन पुरेसा होता.

साचलेल्या पाण्यात बुडबुडे येतायत का पाहा. वारा नसलेल्या सकाळी उभ्या पाण्याकडे दहा मिनिटं बघितलं तर जागा लक्षात येतात. पाण्याने भरलेली बाटली उलटी करून तिच्या तोंडाला मोठं फनेल लावा, बुडबुड्यांवर धरा, वायू गोळा होऊ द्या. कार्बन डायऑक्साइड पाण्यात विरघळून जातो, म्हणून यात मिथेनचं प्रमाण जास्तच दिसेल, आणि तळ्याच्या गाळातूनही असे बुडबुडे येतात. हे मोजमाप नव्हे, शोध आहे. पण पुढचा बोअर कुठे घ्यायचा हे त्यावरून ठरतं.

उंच राहिलेल्या भरावावर, रस्त्याच्या बांधावर, आधीच झालेल्या जोत्यावर उथळ प्रोब, म्हणजे वायू खेचायची टोकदार नळी, ठोका. पाणी सगळीकडून वायूला रेटत असतं तेव्हा तो कोरड्या उंचवट्याकडे जातो, आणि तुमची इमारतही त्या उंचवट्यावरच उभी राहणार असते.

पाणी उपसून बोअर रिकामा करायचा आणि लगेच मोजायचं, असं काही जण सुचवतात. उपशाने दाब उतरतो आणि विरघळलेला वायू सुटा होतो, त्यामुळे तो आकडा जमिनीची खरी स्थिती दाखवत नाही. केलंच तर वेगळ्या रकान्यात लिहा, बाकीच्यांत मिसळू नका.

शक्य असेल तर एक-दोन बोअरमध्ये सतत नोंद ठेवणारा लॉगर बसवा, जो वायू, पाण्याची पातळी आणि हवेचा दाब एकत्र टिपतो. महाग आहे. पण पाणथळ प्लॉटवर एक लॉगर चार महिने ठेवण्याने जे कळतं ते महिन्यातून दोनदा जाऊन कळत नाही.

कधी जायचं

ब्रिटिश मार्गदर्शनात निदान दोन फेऱ्या दाब उतरत असताना, त्यातही १००० मिलिबारच्या खाली असताना घ्याव्यात असं म्हटलेलं असतं. आपल्याकडचे अहवाल हे वाक्य जसंच्या तसं उतरवतात. इंदूर समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटर उंच आहे, इथे हवेचा दाब वर्षभर साधारण ९५० च्या आसपास असतो. म्हणजे ही अट इथे रोज पूर्ण होते आणि म्हणूनच तिला अर्थ नाही. आकडा नव्हे, उतार पाहा. मोबाइलवरचं हवामानाचं ॲप समुद्रसपाटीला आणून दुरुस्त केलेला दाब दाखवतं, यंत्र जागेवरचा दाखवतं. दोन्ही एका तक्त्यात मिसळले तर पन्नास-साठ मिलिबारची पडझड झाल्यासारखी दिसते.

दिवसातही दाब चढ-उतार करतो. आपल्या अक्षांशावर तो सकाळी दहाच्या सुमारास सर्वात वर आणि दुपारी चारच्या सुमारास खाली असतो, फरक ३-४ मिलिबारचा. कामगार सकाळी येतात म्हणून सगळी मोजमापं नऊ-दहाला उरकली जातात, नेमकी सर्वात सौम्य वेळी. महत्त्वाचे बोअर दुपारी दोन ते चार या वेळात घ्या.

मोठी पडझड होते ती बंगालच्या उपसागरातला कमी दाबाचा पट्टा मध्य प्रदेशावरून सरकतो तेव्हा, जुलै ते सप्टेंबर. हवामान खात्याचा इशारा आला की दुसऱ्या दिवसाची मोहीम ठरवा. त्या दिवशी पाऊस पडणार, प्लॉट बुडणार आणि कुणालाच जावंसं वाटणार नाही.

वर्षाचा आराखडा करायचा तर मे अखेर भेगा उघड्या असताना, जूनच्या पहिल्या जोरदार पावसानंतर लगेच, ऑगस्टमध्ये पाणी सर्वात वर असताना आणि ऑक्टोबरमध्ये पाणी उतरताना फेऱ्या हव्यातच. यातली जूनची फेरी सर्वात जास्त चुकते. एकूण किती? ब्रिटनमधल्या सिरिया (CIRIA) या बांधकाम-संशोधन संस्थेचं सी६६५ हे मार्गदर्शन घरांसारख्या संवेदनशील वापरासाठी, वायूनिर्मिती कमी असेल तर सहा महिन्यांत नऊ आणि जास्त असेल तर वर्षभरात चोवीस फेऱ्या सुचवतं. आपल्याकडे जानेवारी-फेब्रुवारीत तीन फेऱ्या करून परवानगीसाठी कागद लावतात. पावसाळा न पाहिलेला अहवाल इथल्या पाणथळ प्लॉटसाठी मी अपुराच मानतो, त्यात फेऱ्या कितीही असोत.

आकड्यांचा अर्थ

ब्रिटिश मानक बीएस ८४८५ मधला हिशोब सरळ आहे. प्रवाह गुणिले वायूची टक्केवारी भागिले शंभर. ०.०७ लिटर प्रति तासापेक्षा कमी आला तर धोक्याचा पहिला, सौम्य वर्ग. ०.०७ ते ०.७ दुसरा, ०.७ ते ३.५ तिसरा, ३.५ ते १५ चौथा, आणि असाच पुढे सहापर्यंत.

समजा एका बोअरमध्ये मिथेन १२ टक्के आणि स्थिर प्रवाह ०.२ लिटर आहे. उत्तर ०.०२४, म्हणजे पहिला वर्ग. पण मिथेन १ टक्क्यापेक्षा किंवा कार्बन डायऑक्साइड ५ टक्क्यांपेक्षा जास्त असेल तर दुसऱ्या वर्गाचा विचार करावा असं मानकच सांगतं. आणि शेजारच्या बोअरमध्ये दुसऱ्या दिवशी मिथेन फक्त २ टक्के पण प्रवाह १.५ लिटर होता. वाईटात वाईट स्थितीसाठी एकाचा वायू आणि दुसऱ्याचा प्रवाह एकत्र धरतात: १.५ गुणिले १२ भागिले १००, म्हणजे ०.१८. दुसरा वर्ग. पाणथळ जागेवर इथेच विचार लागतो. तो १.५ लिटरचा प्रवाह चढत्या पाण्याने आलेला होता का? पातळीच्या नोंदी त्यासाठीच ठेवल्या. पण "पाण्यामुळे होता" म्हणून आकडा काढून टाकायचा असेल, तर पाणी त्याच वेगाने चढत होतं हे नोंदींतून दाखवता आलं पाहिजे. नसेल दाखवता येत तर आकडा राहू द्या. आणि उलट, पाण्याने वायू रेटला जाणं हे इमारतीखालीही घडणारच आहे, हे विसरू नका.

उपायांबद्दल थोडक्यात, तो वेगळा विषय आहे. फ्लोअरखाली हवा खेळती ठेवणारी पोकळी हा एरवीचा आवडता उपाय पावसाळ्यात पाण्याने भरत असेल तर नेमक्या गरजेच्या वेळी बंद पडतो. पोकळी उंच घ्या किंवा जाड राफ्ट (इमारतीखालचा सलग काँक्रीटचा पाया) आणि वायुरोधक मेम्ब्रेनवर (पडद्यावर) भर द्या. पाइप, केबल आणि ड्रेनेज जिथे स्लॅबमधून वर येतात ती भोकं सील करा. पावसाचं पाणी जमिनीत सोडणारा रिचार्ज-पिट कचऱ्याच्या खड्ड्याजवळ काढू नका. तिथे पाणी आत जातं, वायू बाहेर येतो आणि कचऱ्याचं पाणी खालच्या बोरिंगमध्ये उतरतं. परवानगीसाठी रिचार्ज-पिट दाखवणं भाग असेल तर तो प्लॉटच्या दुसऱ्या टोकाला.

साइटवरची शिस्त

एकट्याने जाऊ नये. बोअरजवळ बिडी-सिगारेट, वेल्डिंग, ग्राइंडर काही नको. कुठल्याही खड्ड्यात, टाकीत, लिफ्टच्या खड्ड्यात मोजायला उतरायचं नाही, नळी सोडून वरूनच मोजायचं. ऑक्सिजन १९.५ टक्क्यांखाली दिसला की मागे. आत कुणी पडला तर त्याच्यामागे उडी मारणारा दुसरा बळी ठरतो, हे चौकीदारालाही समजावून ठेवा. पाणी भरलेल्या गवतात केसिंगजवळ साप असतात, काठी जवळ ठेवा.

बांधकामानंतर

ताबा देण्याआधी लिफ्टचा खड्डा, पाण्याची भूमिगत टाकी, मीटरची खोली, बेसमेंटमधला संप आणि केबलचे डक्ट मोजा, आणि पहिल्या पूर्ण पावसाळ्यात पुन्हा. सोसायटीच्या समितीकडे मेम्ब्रेन आणि व्हेंट कुठे आहेत याचा नकाशा द्या, म्हणजे दोन वर्षांनी नवीन बोरिंग किंवा पाइप टाकणारा त्यात भोक पाडणार नाही. मोजमापाचे जे बोअर पुढे लागणार नाहीत ते नुसते कापून वर माती लोटू नका. उघडा बोअर जमिनीतल्या वायूला थेट फ्लोअरपर्यंत पोचवतो. पाइप काढून, खालपासून वरपर्यंत बेंटोनाइट-सिमेंटचा ग्राउट (पातळ गारा) भरा आणि प्रत्येकाची जागा त्याच नकाशावर लिहून ठेवा.